मनाला उपदेश, माणसाला आधार : दलित स्वकथनांतील शाळेच्या निमित्ताने

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. पूर्वी ते अंबड तालुक्यात होते, आता घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ सालच्या रामनवमीला जन्मलेल्या या मुलाच्या बालपणीची एक कथा आमच्या भागातले कीर्तनकार रंगात येऊन सांगतात. नारायण एकदा दिसेनासा झाला. शोधाशोध झाली. अखेर घरातल्याच एका अंधाऱ्या जागी तो स्वस्थ बसलेला सापडला. आईने विचारले, येथे काय करतोस? पोर म्हणाले, विश्वाची काळजी करतो आहे.

आख्यायिका खरी की रचलेली हा प्रश्न येथे गौण आहे. पोराच्या उत्तराची थोरवी आजवर पुष्कळांनी गायिली. मला मात्र त्या कथेत आईचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. अंधारात बसलेल्या पोराला शोधायला माणसे निघतात, आई त्याला जवळ जाऊन विचारते, तो जे बोलेल ते घरदार ऐकून घेते आणि चारशे वर्षे जपून ठेवते. याच गावाला, मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाला होता तसा, महारवाडा होता आणि मांगवाडा होता. तेथेही पोरे अंधारात बसत होती. कुणी कशामुळे मारले, कुणी काय म्हणून हाक मारली, विहिरीवरून कुणी हाकलले, हे त्यांनाही सांगायचे होते. त्यांना प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, आणि विचारले असते तरी उत्तर जपून ठेवायला त्यांच्यापाशी लेखणी नव्हती.

ही लेखणी हाती आल्यावर दलित लेखकाने सर्वांत आधी काय लिहिले? शाळा लिहिली. भूक लिहिली हे खरे, पण भुकेच्या पाठोपाठ शाळा लिहिली. आपल्या समीक्षेने या स्वकथनांतील दारिद्र्य तपासले, जातिव्यवस्था तपासली, बोलीभाषा तपासली. शाळेच्या चार भिंतींत एका मुलाचे मन नेमके कसे मोडले जाते, आणि मोडता मोडता कोणी सावरले तर कशाने सावरले, या अंगाने ही पुस्तके फारशी वाचली गेली नाहीत. आज त्याची निकड आहे. शिक्षक-प्रशिक्षणांतून आता 'सामाजिक-भावनिक शिक्षण' हा शब्द कानावर पडू लागला आहे. मुलाने आपल्या भावना ओळखाव्यात, राग आवरावा, दुसऱ्याचे दुःख जाणावे, नाती जोपासावीत, विचारपूर्वक निर्णय घ्यावा, असा त्याचा मथितार्थ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आला आहे. मुलांचा मानसिक छळ थांबावा म्हणून हे शिक्षण द्यायचे, असे सांगितले जाते. सांगणे चांगलेच आहे. पण मानसिक छळ म्हणजे काय हे मराठीत प्रथम कोणी सांगितले, याची ओळख त्या प्रशिक्षणात कोणी करून देत नाही.

ते सांगितले एका मातंग मुलीने, १८५५ साली. जोतीराव फुल्यांच्या शाळेतली मुक्ता तेव्हा चौदा वर्षांच्या आसपासची होती. महारमांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. इमारतींच्या पायात जिवंत माणसे गाडण्यापासून छपराविना बाळंत होणाऱ्या बायांपर्यंत सारे तिने मांडले. निबंधात आकांत आहे, पण तो स्वतःसाठी नाही. तिला दुःखाचे कारण ठाऊक आहे आणि ती ते नाव घेऊन सांगते. भावना ओळखणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे वगैरे जी कौशल्ये आज कोष्टकात मांडली जातात ती सारी त्या निबंधात आहेत. फरक एवढाच की, त्या शाळेत तिला राग आवरायला शिकवलेले नव्हते. राग कशाचा आहे हे बोलायला शिकवले होते.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आठवणींचे लेखन सर्वांना माहीत आहे. साधारण १९३५-३६ च्या सुमाराचे हे लिखाण १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने छापले. वर्गात वेगळे बसायचे ते गोणपाट रोज घरून आणायचे आणि रोज घरी न्यायचे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावणार नव्हता. शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. हे प्रसंग आपण भाषणांतून इतक्यांदा ऐकले आहेत की ते आता गुळगुळीत झाले आहेत. पण पुस्तिका पुन्हा उघडून तिचा स्वर पाहावा. कुठे हुंदका नाही. जणू साक्षीदार कोर्टात जबानी देतो आहे. त्या गोणपाटात मारहाण नाही, शिवी नाही. मास्तर कदाचित शांत स्वभावाचे, कर्तव्यदक्ष गृहस्थ असतील. छळ वस्तूत आहे, व्यवस्थेत आहे, रोज सकाळी ते काखोटीला मारून निघण्यात आहे. 'छळ करणारा दुष्ट माणूस' शोधत बसणाऱ्या मानसशास्त्राच्या हाती हे गोणपाट लागत नाही.

याच मुद्द्याचे मराठी साहित्यातले सर्वांत बोचरे उदाहरण शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आहे. शाळेची सहल निघते. सवर्ण मुले एका बाजूला, महारांची पोरे दुसऱ्या बाजूला. त्यांची पक्वान्ने, यांची शिळी भाकर. मग त्यांचे उरलेसुरले यांच्या पदरात. येथवरचे दृश्य दलित साहित्याच्या वाचकाला अनोळखी नाही. खरा घाव दुसऱ्या दिवशी बसतो. गुरुजी वर्गाला निबंध लिहायला सांगतात, विषय : सहल. पोराला कळत नाही की सुरुवात कोठून करायची. गुरुजी वर त्याच्या खाण्यावरून शिवी घालतात.

हा प्रसंग मी शिक्षक मित्रांना वारंवार वाचून दाखवतो. भावनिक शिक्षणाच्या वर्गात हेच तर करायला सांगतात : काल तुम्हाला काय वाटले ते लिहा, मोकळेपणाने सांगा, गोल करून बसा. गोल करून बसल्याने गोलात बसलेले सारे सारखे होत नाहीत. ज्याला उष्टे मिळाले आणि ज्याने उष्टे दिले, त्या दोघांना एकाच विषयावर एकाच वहीत मोकळे व्हायला सांगणे हा दुसरा अपमान होय. तो पहिल्यापेक्षा सूक्ष्म असतो म्हणून जास्त टिकतो. लिंबाळ्यांनी तो निबंध त्या दिवशी लिहिला नाही. पुढे पंचविशीत लिहिला आणि त्याचे पुस्तक झाले. सर्वच पोरांना पुस्तक लिहिता येत नाही.

आता जांबकडे पुन्हा वळू. २०२४ च्या मे महिन्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणारंभी मनुस्मृतीतील श्लोक होता, आणि विद्यार्थ्यांनी मनाचे श्लोक व भगवद्गीता यांचे पाठांतर करावे अशी सूचना होती. गदारोळ झाला. मनुस्मृतीच्या श्लोकावरून सरकारला खुलासे करावे लागले. मनाच्या श्लोकांविषयी मात्र आपल्याकडचा विरोध बहुतांशी 'ब्राह्मणी ग्रंथ नको' एवढ्यावरच थांबला. ते मला अपुरे वाटते. समीक्षकाने ग्रंथ वाचून बोलावे.

दोनशे पाच श्लोकांची ही रचना भुजंगप्रयात वृत्तात आहे. ठेका असा की अडाणी माणसाच्याही तोंडी बसावा. कवी मनाला सज्जन म्हणून हाक मारतो, त्याला रागावत नाही, समजावतो. स्वतःच्या मनाशी बोलण्याची ही रीत मराठीला या कवीने दिली हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. भिक्षेकरी या श्लोकांच्या आधाराने दारोदार फिरले, पुष्कळ होरपळलेल्या जिवांना रात्री त्यांनी झोप दिली असेल. पण सुरुवातीच्याच एका श्लोकात मनाला सांगितले आहे की, दुसऱ्याने हीन शब्द वापरले तरी ते सोशीत जावेत आणि आपण मात्र नम्र वाचेने बोलावे. आता हा उपदेश कोणाच्या कानी पडतो ते पाहा. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, ज्याचा हात उठला तर खाली घ्यायला कोणी नाही, त्या माणसाला हे सांगितले तर तो संयम होतो. संयम ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्या बापाने आजन्म सोसले, ज्याच्या आजोबाने जोहार घालून हीन शब्दाला उत्तर म्हणून मान खाली घातली, त्याच्या नातवाला प्रार्थनेच्या रांगेत उभे करून तोच श्लोक म्हणायला लावले, तर तो उपदेश राहत नाही. तो हुकूम होतो. श्लोक एकच, अक्षरे तीच. रांगेतल्या जागेवरून त्याचा अर्थ फिरतो.

म्हणून माझा आक्षेप रामदासांवर फारसा नाही. सतराव्या शतकातल्या साधकासाठी केलेली रचना एकविसाव्या शतकातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सरसकट घोकायला लावणाऱ्या बुद्धीवर आहे. आणि जरा पुढे जाऊन म्हणतो, परदेशातून आलेले भावनिक शिक्षणही जर फक्त मुलाच्या मनाला उद्देशून बोलणार असेल, श्वास मोज, राग गिळ, सकारात्मक विचार कर, तर ते इंग्रजीतले मनाचे श्लोकच होत. वृत्त मात्र नाही.

याला उत्तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिले आहे. त्यांचा आशय असा की, माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचे नाते आले की धम्म आला. अर्थात ज्याला आपण भावनेचे शिक्षण म्हणतो ते एका मनाच्या आत घडत नाही, दोघांच्या मध्ये घडते. अपमान सोसणाऱ्याला कौशल्य शिकवण्याआधी अपमान करणाऱ्याला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बघत राहणाऱ्या वर्गाला, शिकवावे लागेल. गोपाळ गुरू यांनी संपादित केलेल्या अवमानविषयक ग्रंथाने (२००९) अवमान हा विषय आपल्या विद्यापीठीय चर्चेत आणला. दुखावले जाणे आणि अवमानित होणे यांत अंतर आहे. दुखावल्या मनाला सांत्वन पुरते. अवमानिताला तो अवमान होता हे दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने म्हणावे लागते.

हे मोठ्याने म्हणणारे माणूस आपल्या साहित्यात कोठे आहे? बहुधा आई आहे. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधला (२००३) प्रसंग घ्या. शाळेच्या आवारात शेण पडते, गुरुजी या मुलीलाच ते काढायला सांगतात. ती नाही म्हणते, थप्पड बसते. पोर रडत घरी येते. आई रस्त्याकडेला टोपल्या विणत बसलेली आहे. ती त्या मास्तरांना अडवते आणि विचारते : मी रांडमुंड बाई येथे बसून राबते ती कशासाठी, या पोरींनी शिकावे म्हणून ना, मग तुम्ही माझ्या पोरीशी असे का वागता? बाईला अक्षर येत नाही. अधिकारही कोणी दिलेला नाही. पण त्या दिवसानंतर मास्तर पोरीच्या वाटेला जात नाहीत. आजवर जी आई सतत कष्टी, करडी, आतल्या आत कुढणारी दिसत होती, ती मुलीला त्या दिवशी आधार म्हणून दिसते. माझ्या मते मराठीत 'समाजाचा आधार' या शब्दाची याहून नेमकी व्याख्या लिहिली गेलेली नाही. आईने मुलीला सहन करायलाही सांगितले नाही आणि उलट मारायलाही सांगितले नाही. शाळा आणि रस्ता यांमधली जी अदृश्य भिंत होती तिच्या अलीकडे उभे राहून तिने हिशोब विचारला.

दुसरे माणूस म्हणजे एखादा शिक्षक. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) संस्कृत शिकणाऱ्या दलित मुलीला पुढे विद्वानांकडून काय काय ऐकावे लागले ते आहे. त्याच लेखनात जुन्या वळणाचे असूनही तिला मनापासून शिकवणारे शाळेतले गुरुजी आहेत. दलित स्वकथने सवर्णद्वेषी आहेत म्हणणाऱ्यांनी ती पाने वाचावीत. माधव कोंडविलकरांच्या 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) या पुस्तकाची बाजू उलटी आहे. तेथे अपमानित होणारा स्वतःच शिक्षक आहे. ज्या मास्तरला गाव मान देत नाही तो मुलाला काय आधार देणार, हा प्रश्न ते पुस्तक वाचकाच्या उरावर ठेवते. आमच्या प्रशिक्षणांत मुलांच्या भावनांवर तासन् तास बोलतात. गावात भाड्याची खोली न मिळालेल्या शिक्षकाच्या भावनांवर एक तासिका नसते.

तिसरा आधार वसतिगृहाचा. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. मराठवाड्यात १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि नागसेनवनात खेड्यापाड्यांतली पोरे राहायला आली. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'त (१९७९) आईबापावेगळे पोर नातलगांच्या दारी किती चिमटे सोशीत वाढते ते वाचताना जीव कासावीस होतो. असे पोर नागसेनवनात आले म्हणजे प्रथमच त्याच्या ताटाकडे कोणी संशयाने पाहत नव्हते. वसतिगृहाने ज्ञान दिले असे आपण म्हणतो. माझ्या पिढीचा अनुभव असा की, त्याने आधी झोप दिली. शेजारच्या खाटेवरचा मुलगाही त्याच वाटेने आला आहे हे कळणे, हे कोणत्याही समुपदेशनाहून मोठे औषध होते. आज या वसतिगृहांची आणि शासकीय वसतिगृहांची जी दशा आहे तिच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

येथे जरा बाहेरच्या जगाकडे पाहू. दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतील काळ्या बांधवांचे नाव घेतले, नियतकालिकांनी निग्रो साहित्यावर लेख छापले. पण त्या समाजाने शाळेत काय केले, इकडे आपण कमी पाहिले. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून चांगली कोणती असे विचारले. पुष्कळ काळ्या मुलांनी गोरीकडे बोट दाखवले. १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. पुढे १९६८ मध्ये जेम्स कोमर या काळ्या बालमनोचिकित्सकाने येल विद्यापीठाच्या वतीने न्यू हेवन शहरातल्या दोन शाळा हाती घेतल्या. त्यांचे वडील पोलाद कारखान्यात कामगार होते आणि आई लोकांच्या घरी काम करी. कोमरनी मुलांना पाठ देऊन सुरुवात केली नाही. पालक, शिक्षक आणि मानसोपचाराची जाण असलेले कर्मचारी यांना एकत्र बसवून शाळेचा कारभारच त्यांच्या हाती दिला. शाळेत आई दिसू लागली तसे मूल बदलू लागले. आज जगभर ज्याला सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात त्याच्या मुळाशी हे काम आहे. त्या विचारासाठी १९९४ साली स्थापन झालेली संस्था प्रथम येलमध्येच होती. म्हणजे आपल्याकडे जे चकचकीत वेष्टनात आले आहे ते मुळात पददलितांच्या वस्तीतून निघालेले आहे. वाटेत त्यातली आई गळाली आणि कौशल्यांची यादी तेवढी उरली.

कोमर यांचा एक नियम होता : बैठकीत कोणाच्या माथी दोष मारायचा नाही. न्यू हेवनला तो लागू पडला असेल. आमच्या गावांत मला तो जसाच्या तसा पटत नाही. जेथे दोषाचे नावच आजवर घेतले गेले नाही तेथे 'दोष नको' म्हणणे सोयीचे कोणाला होईल हे सांगायला नको.

इथवर बोट दुसऱ्यांकडे होते. आता आपल्याकडे. 'बलुतं' (१९७८) आले तेव्हा सवर्ण वाचक हादरला हे खरे, पण आपल्यातल्याही शिकलेल्यांनी घरची लक्तरे वेशीवर का टांगता असे विचारलेच. दगडू आणि दया या दोन रूपांत स्वतःला चिरून ठेवणारा तो लेखक. दगडू सांगतो आणि दया ऐकतो, अशी मांडणी मूळ दुखण्यातून आलेली आहे. आपल्या समाजाने त्या दुखण्याला 'बदनामी' म्हटले. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने (१९८६) तर त्याहून अवघड जागी हात घातला. महारवाड्यातल्या कोवळ्या सुनांचा सासरी जो जाच होई, शब्दांनी आणि हातांनी, तो त्यांनी कोणतीही सबब न देता लिहिला. बाहेर गुलाम असलेला माणूस घरात कोणाला तरी गुलाम करतो हे त्यांचे निरीक्षण मोठमोठ्या सिद्धांतांच्या पंक्तीला बसेल. आणि हे लिखाण त्यांनी वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते, मारही खाल्ला होता, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. त्याच बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे मागास मुलांसाठी निवासी शाळा चालवली. लिहिणे आणि पोरे सांभाळणे ही त्यांना दोन कामे वाटली नसावीत.

आमच्या विहारांत रविवारी पोरे जमतात. आम्ही त्यांच्याकडून वंदना पाठ करून घेतो, चुकले तर डाफरतो. ठेका आणि पाठांतर यांचा सोस आमच्यातही आहेच. पोराला शाळेत आठवडाभर काय झाले हे विचारणारा माणूस त्या विहारात असतो का? भाषण देणारे पुष्कळ असतात. पोरगा रडला तर बाईसारखा रडतोस काय म्हणणारेही असतात. 'वाघाचे बच्चे' म्हणून त्यांची छाती फुगवणे आम्हाला आवडते. वाघाच्या बच्च्याला शाळेत 'सरकारचा जावई' म्हटले म्हणजे घरी येऊन ते कोणापाशी सांगायचे, याची सोय आम्ही केलेली नाही.

ही सोय नसण्याची किंमत काय असते ते डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने दाखवले. २२ मे २०१९. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी जळगावची आदिवासी मुलगी. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला, तीन डॉक्टरांवर खटला दाखल झाला. तिच्या आईने आधीच तक्रार केली होती. म्हणजे 'आयदान'मधली आई येथेही रस्त्यावर उभी होती. पण आता शाळा एवढी मोठी झाली आहे की रस्त्यावरचा आवाज आत जात नाही. त्याच वर्षी आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दोन प्रांतांतल्या दोन आया. एम्समधील भेदभावावर सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ मध्येच आला होता.

कायदा नाही असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात, निम्म्या महिला हव्यात. कोमरनी न्यू हेवनमध्ये जे केले त्याचा सांगाडा आपल्या कायद्यात आयता आहे. प्रत्यक्षात काय होते हे शिक्षक जाणतात. वस्तीतल्या बाईचा अंगठा घरी जाऊन घेतला जातो, बैठक कागदावर होते. उपक्रमही नाहीत असे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केले, पुढे ते राज्यात गेले. संविधानातील मूल्यांचा पाया घेऊन, जोडीने आणि गटाने मुलांना बोलते करण्याची ती पद्धत पाठांतराच्या कितीतरी पुढची आहे, हे कबूल केले पाहिजे. माझी शंका एकच : जोडीत कोण कोणाशेजारी बसते आणि शाळा सुटल्यावर ती जोडी कोणत्या वळणावर तुटते, हे शिक्षकाने पाहायचे की नाही? ते पाहिले नाही तर संविधानही वर्गातल्या वर्गात म्हणायचा श्लोक होऊन बसेल. मराठवाड्यात २७ जुलै १९७८ नंतर ज्यांची घरे जळताना पोरांनी पाहिली, ती पोरे दुसऱ्या महिन्यात त्याच शाळांत, त्याच बाकांवर परत आली होती. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत त्या पोरांपाशी शाळेने काय बोलावे याचा विचार कोणत्याही परिपत्रकात झालेला मला आढळला नाही.

जांबच्या राममंदिरातील मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या होत्या. गावाचा श्वास अडकला, पोलिसांची पथके निघाली, त्याच वर्षी मूर्ती सापडल्या. सापडल्या याचा गावाला झालेला आनंद मी समजू शकतो. आपले म्हणून जे असते ते गाव शोधून काढतेच. शाळेतून पोर गळाले की मात्र हजेरीपटावर लाल रेघ येते आणि प्रकरण मिटते.

शेवटी एक माझीच गोष्ट. या भागातल्या एका शाळेत मी वर्गशिक्षक होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे म्हणून यादी आली. आजवर सगळे करीत आले तसेच मी केले : बी.सी.च्या मुलांनी उभे राहा म्हणालो आणि नावे वाचू लागलो. मी स्वतः त्याच यादीत मोठा झालो होतो, तरी माझ्या तोंडून ते वाक्य सहज निघाले. पाच मुले उभी राहिली. सहावा उठला नाही. नाव दोनदा पुकारले, त्याने मान वर केली नाही. मागून कोणीतरी हसले. मधल्या सुट्टीत मी त्याला बाहेर बोलावले आणि रागाच्या भरात विचारले, पैसे नकोत का? तो म्हणाला, पैसे पाहिजेत सर, उभं राहायचं नाही.

त्यानंतर मी यादी वाचणे सोडले. संध्याकाळी वस्तीत जाऊन अर्ज भरू लागलो. आया येत, कागदांबरोबर दुसऱ्याही गोष्टी सांगत. कोणाच्या पोरीला कोणत्या नावाने चिडवतात, कोणाचा पोरगा सोमवारी शाळेत जाताना पोटात दुखते म्हणतो. दोन महिन्यांनी त्यांतल्या तिघी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आल्या आणि खाली सतरंजीवर न बसता खुर्च्यांवर बसल्या. चहा आला तेव्हा जरा गडबड झाली. कप कमी पडले असे सांगण्यात आले. एकीने पदराआडून स्वतःचा पेला काढला, टेबलावर सर्वांच्या कपांशेजारी ठेवला आणि म्हणाली, यात घाला, आणि पुढच्या बैठकीला कप आणून ठेवा.

पुढच्या बैठकीच्या आत माझी बदली झाली. कप आले की नाही, याची चौकशी मी अजून केलेली नाही.